चीफची पडवी

"हात दाखवा."

दारातून आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला चीफ पहिल्यांदा हेच म्हणायचे. नमस्कार नाही, या-बसा नाही. उंबऱ्यात आडवे उभे राहायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि आलेल्या माणसाची बोटं एकेक करून उलटीसुलटी तपासायचे. शेवटी वास घ्यायचे. बायकांचे हात मात्र ते धरायचे नाहीत. आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून, जरासे वाकून, लांबूनच हुंगायचे, देवळाबाहेर गजरा बघतात तसे.

"बांगडा," एकदा माझ्या बोटांकडे बघून म्हणाले.

"सकाळी साफ केले होते, चीफ. नंतर साबणाने चांगले हात धुतलेत."

"साबणाने बांगडा जात नाय. लपतो. मागे मोरीवर लिंबू ठेवलंय, चोळून या."

हापूसच्या दिवसांत तर विचारूच नका. तेव्हा अख्ख्या रत्नागिरीचे हात पिवळे. माणसं नखं घासत मोरीवर रांगेत उभी, आणि चीफ दारात. हे सगळं कशासाठी, तर पत्त्यांना डाग पडू नये म्हणून. "डाग पडला की पत्ता ओळखू येतो. पत्ता ओळखू आला की माणूस बिघडतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

चीफ हे काही त्यांचं नाव नव्हे. पण मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर "चीफचं घर कुठलं?" विचारलं की कुणीही बोट दाखवायचं. आयुष्यभर ते मालवाहू बोटींवर होते. मी बरेच दिवस समजत होते की चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. एकदा कौतुकाने म्हणाले, "एवढं मोठं इंजिन सांभाळायचं म्हणजे काय खायचं काम आहे?"

"खायचंच काम होतं. मी चीफ कुक होतो." माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "इंजिन बंद पडलं तर बोट नुसती उभी राहते. जेवण बंद पडलं तर बोटीवर मारामारी होते."

माझी नि त्यांची ओळख माझ्या चष्म्याच्या दुकानात झाली. तुम्हाला माहीतच आहे, चष्म्याला येणारी माणसं दोनच तक्रारी घेऊन येतात. लांबचं दिसत नाही किंवा जवळचं दिसत नाही. चीफ आले आणि म्हणाले, "मला मधलं दिसत नाय."

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे हातात धरलेले पत्ते दिसतात. समोर बसलेल्या माणसाचं थोबाड दिसतं. पण टेबलाच्या मधोमध जे असतं ते धुरकट. आणि सगळी मजा तर तिथेच असते, डॉक्टरीणबाई."

"मी डॉक्टर नाही हो. चष्मे करते फक्त."

"माझ्या डोळ्यांत तुम्ही बॅटरी मारली ना? मग डॉक्टर."

मधला नंबर काढायचा तर टेबल किती रुंद आहे ते बघायला हवं होतं. म्हणून मी त्यांच्या घरी गेले. आणि मग पुढची कैक वर्षं दर रविवारी दुपारी जातच राहिले.

आपल्याकडे टेबलावरचा खेळ म्हटलं की कॅरम, पत्ते, सापशिडी आणि फार तर व्यापार. चीफकडचे खेळ वेगळेच होते. बोटीवरच्या एका जर्मन अधिकाऱ्याने त्यांना त्यांचा नाद लावला होता. मोठमोठे डबे, त्यात लाकडी सोंगट्या, रंगीत ठोकळे, शेकड्यांनी पत्ते, आणि एकेक डाव सगळी दुपार खाणारा. बाकीचे लोक परदेशातून येताना ब्लँकेटं आणायचे, सेंट आणायचे. चीफ कायमचे परत आले ते ट्रंकभर खेळ घेऊन. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे चाची म्हणायचो. चाची म्हणायच्या, "लोकांचे नवरे सोनं घेऊन आले. माझा ठोकळे घेऊन आला."

खेळांच्या डब्यांवर जर्मन नावं होती. आम्ही त्यांना आपली नावं दिली. रेल्वेचा खेळ, तापाच्या साथीचा खेळ, भांडणाचा खेळ. सगळ्यांत लाडका होता बंदराचा खेळ. प्रत्येकाने आपल्या बोटी हाकायच्या, एका बंदरातला माल दुसऱ्या बंदरात पोचवायचा, आणि बंदरात आधीच कुणाची बोट असेल तर ती निघेपर्यंत बाहेर ताटकळायचं. पटावरच्या जर्मन बंदरांवर चीफनी कागदाचे तुकडे चिकटवून हर्णे, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग अशी नावं लिहिली होती. धान्याचे पिवळे ठोकळे हापूस झाले होते, तपकिरी पिंपं नारळ झाली होती. खेळ करणारा तो जर्मन माणूस कधी रत्नागिरीला आला असता, तर आपल्या बोटी पूर्णगडला आंबे उतरवताना बघून त्याने काय केलं असतं कोण जाणे.

पण ह्या बोटींपर्यंत पोचणं सोपं नव्हतं. हात पास झाले की तोंडी परीक्षा असायची. चीफ एकच प्रश्न विचारायचे. "हरलात तर काय कराल?"

आमचे मोजणीकाका, म्हणजे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, म्हणाले होते, "हरण्याचं कारण लेखी मागेन." चीफ खूश. थेट आत. मी म्हणाले होते, "चष्मा पुसेन आणि परत मांडा म्हणेन." बँकेतला सावंत म्हणाला, "हरलो तर काय, पार्टी देईन की सगळ्यांना!"

"पडवीत बसा," चीफ म्हणाले.

पडवी म्हणजे घराची बाहेरची बाजू, जिथे चपला काढायच्या, सोललेले नारळ रचायचे आणि नापास झालेली माणसं बसवायची. आत माजघरात मोठं टेबल होतं आणि त्यावर खरे खेळ. पडवीत एक बाकडं, त्यावर सोपा, पोरकट खेळ. तो नीट खेळून दाखवला की बढती. सावंत अख्खा पावसाळा पडवीत होता. माणूस रोज बँकेत लोकांना "उद्या या" सांगणारा. त्याला रविवारी हे ऐकून घ्यावं लागायचं.

"चीफ, पुढच्या रविवारी तरी?"

"बघू. अजून तुम्ही फासे टाकताना ओरडता."

तुम्ही म्हणाल, कशाला सहन करायचं असल्या माणसाचं? खरं सांगते, एकदा आत शिरलं की बाहेरच्या कुणाला आत घेतलेलं आपल्यालाही आवडत नसे. पडवीतल्यांकडे आम्ही माजघरातून अशा नजरेने बघायचो, जणू आम्ही आईच्या पोटातून फासे घेऊन आलो होतो.

ह्या सुरळीत राज्यात गडबड झाली ती एका जावयामुळे.

त्या वर्षी पावसच्या बाजूला एका मराठी मालिकेचं शूटिंग चालू होतं. मालिकेत एक आदर्श जावई होता. सासरा रोज त्याचा अपमान करायचा आणि तो रोज हसून सासऱ्याच्या पाया पडायचा. महाराष्ट्रातल्या तमाम सासवा त्याच्यावर जीव टाकत होत्या. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळं गाव त्याला जावईबापूच म्हणायचं. तो बाजारात दिसला की मासळीवाल्या उगाच पदर सावरायच्या.

ह्या जावईबापूंनी एका मुलाखतीत सांगितलं की मला बोर्डगेमचं भयंकर वेड आहे, माझ्या बॅगेत कायम एक तरी खेळ असतोच.

पुढच्या रविवारी चीफच्या गल्लीत स्कूटर लावायला जागा नव्हती.

"जावईबापूंचा खेळ इथेच शिकवतात ना?" एका बाईंनी विचारलं.

"इथे जावई तयार होत नाय," चीफ म्हणाले. "हात दाखवा."

त्या दिवसापासून परीक्षेत दुसरा प्रश्न आला. "मालिका बघता का?" जो हो म्हणेल तो पडवीत. जो नाही म्हणेल त्याच्याकडे चीफ इतका वेळ रोखून बघायचे की तो आपणहून पडवीत जायचा. बाकडं पुरेना. माणसं नारळांवर बसू लागली. चीफ त्यांना 'नटाची जत्रा' म्हणायचे. "खेळावर प्रेम असलं तर या. थोबाडावर असलं तर टीव्हीसमोर बसा," असं एका कॉलेजच्या प्राध्यापिकेला त्यांनी तोंडावर सांगितलं. बिचारी डोळ्यांत पाणी आणून चप्पल शोधायला लागली. मोजणीकाकांना हे सगळं फार पसंत होतं. "दर्जा राखलाच पाहिजे," ते म्हणायचे. आणि चीफ स्वतः मालिकांविषयी बोलताना तर असे बोलायचे, की त्यापेक्षा माणसाने भिंतीकडे बघत बसावं.

साधारण त्याच काळात मला चीफकडून अधूनमधून डबाभर सोललेला लसूण यायला लागला. मोजणीकाकांनाही आला. सावंतलाही. "घरात जास्त झाला," एवढंच चीफ सांगायचे. माणूस कुक होता, सोलत असेल सवयीने, म्हणून आम्ही फार विचार केला नाही. आमट्या मात्र त्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्या झणझणीत झाल्या.

आणि एके दिवशी जावईबापू माझ्या दुकानात आले. सासऱ्याने थोबाडीत मारण्याचं दृश्य होतं. मालिकेतला सासरा जरा जास्तच रंगात आला आणि जावईबापूंच्या चष्म्याची काडी तुटली. बरोबर त्यांची प्रसिद्धी बघणारी एक बाई होती. काडी बसवता बसवता मी म्हणाले, "तुम्हाला बोर्डगेमचं वेड आहे ना? आमच्याकडे दर रविवारी डाव असतो. जर्मन खेळ आहेत, अगदी अस्सल."

जावईबापूंचा चेहरा एकदम बदलला. मला वाटलं, आनंदाने.

"रविवारी ना? येणारच आम्ही!" ती प्रसिद्धीची बाई म्हणाली. "फोटो काय येतील!"

मी चीफना काही बोलले नाही. मला बघायचं होतं, जावईबापूंच्या बोटांना कसला वास निघतो ते.

रविवारी आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा पडवी खच्चून भरलेली होती. जावईबापूंना बघून नारळांवरची माणसं उभी राहिली, नारळ गडगडत अंगणात गेले. चीफ नेहमीप्रमाणे उंबऱ्यात आडवे. जावईबापूंनी, मी वाटेत सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे, दोन्ही हात पुढे केले.

चीफ हातांकडे बघेचनात. तोंडाकडेच बघत राहिले. मग उंबऱ्यातून बाजूला झाले. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच बाजूला होत होते. आणि म्हणाले, "या, या, आत या."

"चीफ, हात?" मोजणीकाका आतून ओरडले.

"जावयाचे हात काय बघायचे?"

"कुणाचा जावई?"

"कुणाचा का असेना. जावई तो जावई."

त्यांनी जावईबापूंना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत तोवर कुणी बसलेलं नव्हतं. मांजर एकदा बसलं होतं, तर त्याला वर्षभर दूध अंगणात मिळालं. चाची माजघराच्या दारात आल्या, तोंडावर ओढणी धरून उभ्या राहिल्या आणि तिथून हलल्याच नाहीत.

बंदराचा खेळ मांडला. जावईबापू खेळायला लागले आणि आमच्या लक्षात आलं की ह्या माणसाला काहीही येत नाही. फासे कुठल्या हातात धरायचे इथपासून सुरुवात होती. पण नट तो नट. पाळी आली की हनुवटीला बोट लावून पटाकडे बघायचा, डोळे बारीक करायचा आणि गंभीर आवाजात म्हणायचा, "इथे थोडं थांबण्यात मजा आहे."

"वा! काय संयम!" चीफ म्हणायचे.

"संयम कसला? त्यांची पाळी आहे हे त्यांना कळलेलं नाही," मोजणीकाका म्हणाले.

"श्श. विचार करतायत ते."

जावईबापूंची बोट दोनदा जमिनीवर गेली. चीफनी ती हळूच उचलून पाण्यात ठेवली. आणि शेवटी जे झालं ते तर आमच्यापैकी कुणीच विसरलं नाही. पूर्णगडच्या बंदरात चीफची बोट होती. ती तिथे उभी असती तर जावईबापूंना आत शिरताच आलं नसतं. चीफनी, ज्यांनी आजवर स्वतःच्या मुलीलाही एक डाव सोडला नव्हता, त्यांनी काही कारण नसताना आपली बोट पूर्णगडमधून बाहेर काढली आणि भर समुद्रात नेऊन ठेवली.

"अरे वा, मी जिंकलो वाटतं?" जावईबापू म्हणाले.

फोटो निघाले. चीफ फोटोत असे हसत होते, जसा मालिकेतला तो सासरा आयुष्यात हसला नसेल.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा माजघर रिकामं होतं. मोजणीकाका, सावंत, सगळी जुनी मंडळी पडवीत, जत्रेतल्या माणसांना खेटून बसलेली. चीफ बाहेर आले.

"आत चला. खेळ मांडलाय."

कुणी उठलं नाही. मोजणीकाका उठले, पण ते आत न जाता उंबऱ्यात जाऊन आडवे उभे राहिले. चष्मा कपाळावर ढकलला आणि चीफना म्हणाले, "हात दाखवा."

"माझं घर आहे हे."

"घर तुमचं. नियमही तुमचाच."

चीफनी थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं, आणि मग खरंच दोन्ही हात पुढे केले. मोजणीकाकांनी बोटं उलटीसुलटी बघितली. वाकून वास घेतला. परत घेतला.

"लसूण," ते म्हणाले.

आतून चाचींचं हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की भिंत धरून बाहेर आल्या. "सांगू का रे बाबांनो? सांगतेच. मालिका लागली की हे लसूण सोलायला बसतात. माझ्यासमोर नाय बसत, टीव्हीसमोर बसतात. पूर्वी लसूण सोला म्हटलं तर ह्यांच्या कमरेत उसण भरायची. आता रोज संध्याकाळी टोपली घेऊन तयार. घरातला लसूण संपला तर शेजारचा मागून आणतात सोलायला!"

आमच्या आमट्यांचा उलगडा झाला.

मोजणीकाका हसले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "मालिका बघता का?"

ज्या बाईंना चीफनी रडवलं होतं त्या प्राध्यापिका समोरच बसल्या होत्या. चीफनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. लसणाचं काय, तो स्वयंपाकालाही सोलतात. पण माणूस खोटं बोलणारा नव्हता. मान खाली घालून म्हणाले, "बघतो."

"मग बसा पडवीत."

आणि चीफ बसले. स्वतःच्या घराच्या पडवीत, बाकड्याच्या टोकाला, दोन नारळ मांडीवर घेऊन. प्राध्यापिकाबाईंनी सरकून त्यांना जागा दिली. ते त्यांना हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी जास्त बोललो, बाई." बाई म्हणाल्या, "जाऊ द्या. काल बघितलीत का? सासऱ्याने चहा फेकला त्याच्या अंगावर."

"बघितली ना! जीव तुटला," चीफ म्हणाले.

आम्ही जुने लोक ऐटीत आत गेलो आणि खेळायला बसलो. थोड्याच वेळात एका नियमावरून मोजणीकाका आणि सावंत हातघाईवर आले. मोजणीकाका दारात येऊन विचारू लागले, "चीफ, दोन बोटी एकदम बंदरात आल्या तर आधी कोण?"

"पडवीतल्या माणसाला नियम विचारत नाहीत," चीफ म्हणाले, आणि नारळ कुरवाळत बसले.

नेमके तेव्हाच जावईबापू आले. एकटेच, टोपी खाली ओढून, प्रसिद्धीच्या बाईला चुकवून. चीफना पडवीत बघून गोंधळले, आणि मग त्यांच्या शेजारी उकिडवेच बसले.

"चीफ, मला खेळता येत नाही."

"माहीत आहे," चीफ म्हणाले. "बोट दोनदा डोंगरावर चढवलीत."

"वाहिनीवाल्यांनी सांगितलं, काहीतरी छंद हवा. त्यांनी दोन पर्याय दिले. घोडेस्वारी नाहीतर बोर्डगेम. मी घोड्याला घाबरतो." जावईबापू खाली बघत होते. "तुम्ही त्या दिवशी मला जिंकवलंत. मला कळलं ते. मला फार वाईट वाटलं. सगळेच मला जिंकवतात किंवा थोबाडीत मारतात. खेळायला कुणी घेत नाही."

चीफनी मांडीवरचे नारळ खाली ठेवले. मग म्हणाले, "बसा. मीही नापासच आहे."

त्यांनी आतून बंदराचा खेळ मागवला. तो पट पहिल्यांदाच उंबरा ओलांडून पडवीत आला. चाची चहा आणि सांदणं घेऊन आल्या, जावईबापूंनी उठून त्यांना जागा करून दिली, आणि चाची बसल्या. जावईबापूंशेजारी बसायला मिळतंय म्हटल्यावर कोण उठेल? चीफनी दोघांना एकदमच शिकवायला घेतलं. माल कसा भरायचा, वारा कसा मोजायचा, बंदराबाहेर कधी थांबायचं. सगळी पडवी भोवती वाकलेली.

त्यानंतर बरेच रविवार जावईबापू येत राहिले. शूटिंग सुटलं की टोपी ओढून यायचे, निमूट हात दाखवायचे. खेळात ते शेवटपर्यंत कच्चेच राहिले. मात्र हरायला लाजायचे नाहीत. हरले की मालिकेतल्यासारखे हसायचे, आणि मग चीफ म्हणायचे, "इथे तसं हसायचं नाय. इथे चिडायचं." हळूहळू त्यांना चिडायलाही जमू लागलं.

खेळात पक्क्या झाल्या त्या चाची. त्यांचा खेळ बघून आमची बोबडी वळली. दया नाही, माया नाही. कुणाची बोट आंबे भरून हर्णेकडे निघाली की चाची आधीच हर्णेच्या तोंडाशी. आंबे नासेपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा चीफना त्यांनी असं कोंडलं की त्यांना एकही बोट हलवता येईना. चीफ पटाकडे बघतच राहिले.

"हे कुठे शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? तुम्ही बोटीवर असायचात तेव्हा मी दुसरं काय करत होते? कुठलं जहाज कुठल्या बंदरात, किती दिवस बाहेर थांबलं, कधी सुटलं, हेच तर मोजत होते."

चीफनी हातातले फासे खाली ठेवले.

"मग इतकी वर्षं हे डबे घरात आहेत. खेळावंसं वाटलं होतं तर सांगितलं का नाहीस?"

चाची आपली बोट सरकवत म्हणाल्या, "तुम्ही दारात लोकांचे हात हुंगत उभे. माझे हात दिवसभर मासळीत. मला कोण पास करणार होतं?"

चीफ उठून आत गेले. आम्हाला वाटलं, रागावले. पण ते मोरीवरचं लिंबू घेऊन आले, फोड चाचींच्या हातात दिली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, ती परत काढून घेतली. "असू दे," म्हणाले. "तशीच खेळ."

बंदराच्या खेळाचे पत्ते तेव्हापासून बांगड्याचे झाले. आणि माजघरातलं ते मोठं टेबल आम्ही सहाजणांनी मिळून पडवीत आणलं. माजघरात नारळ गेले. चीफ येणाऱ्यांचे हात बघायचे ते बघतच राहिले, ती खोड काही गेली नाही. पण प्रश्न विचारायचे थांबले. कुणी नवीन आलं की म्हणायचे, "मालिका बघता ना? मग काल काय झालं सांगा आधी. आमची वीज गेली होती."

पुढे मालिकेच्या गोष्टीने काही वर्षांची उडी घेतली. जावईबापूंना लेखकाने अमेरिकेला पाठवलं, म्हणजे कामावरून काढलं. जाताना ते सगळ्यांना भेटून गेले, चाचींच्या पाया पडले. काही महिन्यांनी एका मुलाखतीत त्यांना छंदाविषयी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "छंद वगैरे नाही. रत्नागिरीला एक चाची आहेत, मी त्यांच्याकडून हरतो." चाचींनी ती मुलाखत सगळ्या आळीला दाखवली. चीफ तोंड पाडून बसले होते. "शिकवलं मी," म्हणत होते. "लिंबू माझं, पडवी माझी, नाव हिचं."

आता ती दोघं इथे नाहीत. मुलगी मस्कतला असते. तिच्या बाळंतपणासाठी म्हणून दोघं गेली, मग नातू झाला, मग चीफचे गुडघे झाले, आणि येणं पुढे पुढेच जात राहिलं. खेळांचे डबे चीफनी आमच्या हवाली केले. रविवारी आम्ही माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो. मोजणीकाका नियमावरून भांडतात, सावंत अजून फासे टाकताना ओरडतो. बंदराचा खेळ तेवढा आमच्याकडे नाही. तो चाचींनी बरोबर नेला.

ती दोघं विमान पकडायला मुंबईला निघाली त्या दिवशी आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी उशिरा होती. चीफनी ट्रंक आडवी टाकली, त्यावर पट मांडला आणि दोघं फलाटावरच खेळायला बसली. रंगात आलेला डाव होता, आणि चीफ हरत होते. एवढ्यात गाडीची घोषणा झाली.

"आवर, आवर, गाडी आली," चीफ घाईघाईने म्हणाले.

"माझी पाळी हाय," चाची म्हणाल्या. "हरताय म्हणून गाडी आठवली तुम्हाला."

गाडी समोर येऊन उभी राहिली तरी त्या उठेनात. शेवटी मोजणीकाकांनी पट जसाच्या तसा दोन्ही हातांवर उचलला. सगळी नोकरी जमीन समतल आहे का बघण्यात गेलेला माणूस. एक सोंगटी हलू दिली नाही. सावंत पुढे धावत "बाजूला व्हा, बोटी आहेत, बोटी!" असं ओरडत वाट करत होता. मी मागून सामान घेऊन. डब्यातल्या माणसांनी पाय वर घेतले, एका काकूंनी आपल्या डब्याची पिशवी मांडीवर घेतली, आणि पट दोघांच्या मध्ये सीटवर जाऊन टेकला.

आम्ही खाली उतरून खिडकीशी आलो. मला वाटलं होतं, निघताना चीफ काहीतरी बोलतील. इतकी वर्षं दर रविवारचा सहवास. पण गाडीने हिसका दिला तेव्हा त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. चाची हनुवटीला बोट लावून विचार करत होत्या, आणि चीफ दोन्ही हातांनी पट घट्ट धरून, श्वास रोखून बसले होते, तिची एकही बोट जागची हलू नये म्हणून.